दहावी-बारावीनंतर कुठला विषय? स्कोप विचारण्याआधी दारं मोजा



१ जूनला बंदी लागते. ट्रॉलर जेटीला, होड्या माडांखाली, जाळी मांडवात. आणि नेमकं त्याच दिवसांत आपल्या घरांतल्या पोरांचं पुढचं ठरतं, कारण दहावी-बारावीचे निकाल त्याआधी लागलेले असतात आणि प्रवेशांची धावपळ ह्याच पावसात असते. घरात येणारा पैसा बंद असतो तेव्हाच फी भरायची असते. बाकी वर्षभर बाप पहाटे समुद्रात आणि परतल्यावर झोपेत. मुलाशी बसून बोलायला वेळ मिळतो तो बंदीतच. पण तेव्हा डोक्यात इंजिनाचं काम, बँकेचा हप्ता, खलाशांना दिलेली उचल. मग आपण पोराला एकच विचारतो, "ह्यात स्कोप आहे का रे?"

पोरगं एक सांगतं, मामा दुसरं, शेजारचा निवृत्त शिक्षक तिसरं. शेवटी मित्र जिकडे चालले तिकडचाच फॉर्म भरला जातो.

आवडीचा विषय घ्यायचा की नोकरी मिळेल तो, ह्यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. म्हणून ह्या वेळी जरा सविस्तर लिहितो. वाचा, पटलं नाही तर खाली सांगा.

आधी स्कोपचं बघू. खाणी जोरात होत्या तेव्हा मांडवी आणि जुवारीतून बार्जी रांगेने जायच्या. आपल्यातल्याही काहींनी जाळं ठेवून बार्जीवर पगार धरला. त्या काळात खाण, अवजड मशीन, ट्रक ह्यांच्याशी जमेल असं काही शिकणारा मुलगा शहाणा ठरायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मग काही सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २००९ साली स्कोप बघून तीन वर्षांच्या कोर्सला बसलेला मुलगा २०१२ मध्ये कागद घेऊन बाहेर आला तेव्हा गेट बंद होतं. त्याची काय चूक? त्याने मोठ्यांचं ऐकलं होतं.

आणि हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे केरळात २०१२ साली तारली जवळजवळ ४ लाख टन उतरली. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. मधे नऊच वर्षं. २०१२ ची तारली बघून ज्याने कर्ज काढून मोठी बोट घेतली असेल, त्याचे हप्ते तारलीबरोबर थांबले नसणार.

समुद्रावर आपण शहाणे असतो. चार बोटींना वीस वावांत बांगडा लागला असं वायरलेसवर ऐकलं तरी अनुभवी तांडेल लगेच तिकडे पळत नाही. पाण्याचा रंग बघतो, ओढ बघतो, डिझेल किती आहे ते बघतो. त्याला माहीत असतं की आपण पोचेपर्यंत थवा हललेला असणार आणि वर दहा बोटी जमलेल्या असणार. कॉलेजच्या बाबतीत मात्र आपण ऐकलं की पळतो. कोर्स तीन-चार वर्षांचा असतो. आज सगळे जिकडे जातात तिकडे चार वर्षांनी गर्दीच असणार, हा हिशेब कोणी करत नाही.

म्हणून नोकरीचा विचार सोडायचा का? अजिबात नाही. "आवडेल ते कर, पैसा मागाहून येतो" हे वाक्य ज्याच्या घरी दोन पगार येतात त्याने बोलावं. आपल्याकडे दोन महिने कमाई शून्य, वर एखादं वादळ आलं तर हंगामातले पंधरा दिवस गेले. घरातलं एक माणूस महिन्याच्या महिन्याला पगार आणतं तेव्हा काय फरक पडतो, ते आपल्या बायकांना विचारा. बाजारात पाटी घेऊन बसणारी आई मुलीला "नोकरी लागेल असं काहीतरी शिक गो" म्हणते, तेव्हा तिने पंचवीस बंद्यांतला घरखर्च चालवलेला असतो. तिचा तो अनुभव आहे, आणि पोरांनी तिला मागासलेली समजू नये.

पण ह्या वादात एक तिसरी गोष्ट विसरली जाते, आणि नुकसान बहुतेक तिथेच होतं. ती म्हणजे दारं. विषय निवडताना आपण काय घेतलं हे बघतो. काय सोडलं आणि त्यामुळे पुढची कुठली वाट कायमची बंद झाली, हे बघत नाही.

सगळ्यात मोठं दार गणिताचं. अकरावी सायन्सला "गणित जड जातं, बायोलॉजी घेतो" म्हणून किती मुलं गणित सोडतात. ज्याला खरंच जीवशास्त्र आवडतं त्याचं ठीक. पण आपल्या वाड्यावरच्या मुलाला विचारलं तर तो दोन मिनिटांत सांगतो की मला जहाजावर जायचंय. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या बीएस्सी नॉटिकल सायन्सला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित ह्यांत मिळून सरासरी ६० टक्के लागतात, शिवाय दहावीत किंवा बारावीत इंग्रजीत ५० टक्के. सामायिक प्रवेश परीक्षा असते ती वेगळी. बारावीत गणित नसेल तर ही वाट संपली. सतरा वर्षांच्या पोराला हे बारावी झाल्यावर कळतं. घरी मग म्हणतात, नशीब.

उलट ज्याला मासळीतच रस आहे त्याला जीवशास्त्र लागेल. मत्स्यविज्ञानाची पदवी, बीएफएस्सी, चार वर्षांची. आपल्याला जवळची दोन जुनी कॉलेजं म्हणजे रत्नागिरीजवळ शिरगावचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं, १९८१ सालचं. आणि मंगळूरचं, १९६९ चं, देशातलं पहिलं. तिथे मासळीची पैदास, रोग, पाणी, जाळी, प्रक्रिया, अर्थकारण असं सगळं शिकवतात. मत्स्य खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा, कोळंबी प्रकल्प, निर्यात कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, बँकेतली शेती-मत्स्य कर्जाची कामं अशा वाटा पुढे निघतात. ज्याला पुढे शिकायचंय त्याच्यासाठी मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासून.

ज्याला गणितही झेपतं आणि जीवशास्त्रही आवडतं त्याने बारावीपर्यंत दोन्ही ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षं अभ्यास जास्त पडेल. पण सोळाव्या वर्षी स्वतःला पुरतं कोणीच ओळखत नाही, आणि दोन दारं उघडी ठेवायची किंमत एवढीच आहे.

आता आवडीबद्दल. मुलगा "मला हे आवडतं" म्हणतो तेव्हा तीन-चार वेगळ्या गोष्टी एका शब्दात बोलत असतो. कधी त्याला तो विषय शिकवणारे सर आवडतात. कधी दुसऱ्या विषयाची भीती असते, तिलाच तो आवड म्हणतो. कधी मोबाइलवर व्हिडिओ बघून वाटलेलं असतं. मोठ्या जहाजावर पांढऱ्या गणवेशात उभा असलेला कॅडेट सगळ्यांनाच आवडतो, त्याचं चार तासांचं वॉच आणि सहा-आठ महिने घर न दिसणं व्हिडिओत नसतं. खरी आवड ओळखायची एक साधी खूण मला वाटते. त्या कामातला कंटाळवाणा भागही पोरगं न सांगता करतं का? इंजिन आवडतं म्हणणारा मुलगा हात काळे करून फिल्टर धुवायला बसतो, की फक्त एक्सलरेटर पिळायला पुढे येतो?

हे तपासायला बंदीचे दोन महिने सोन्यासारखे आहेत. आउटबोर्ड दुरुस्तीच्या गॅरेजात पंधरा दिवस बसवा. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर कसा चालतो ते बघू द्या. हिशेबाची आवड वाटते तर बोटीचं मागच्या हंगामाचं डिझेल, बर्फ, राशन, खलाशांचे वाटे, लिलावाच्या पट्ट्या, सगळं त्याच्यापुढे ठेवा आणि सांग म्हणावं, आपण कमावलं की गमावलं. एका ट्रॉलरमालकाच्या मुलीने असंच बसून काढलं आणि बापाला दाखवलं की दोन फेऱ्यांत डिझेलएवढी मासळीच आली नव्हती. बाप आधी चिडला, मग गप्प झाला. ती आता कॉमर्स शिकते, आणि हे तिला कोणी स्कोप म्हणून सांगितलेलं नव्हतं. सबसिडीच्या फायली, विमा, कर्जाचे कागद, जीएसटी ह्यांत आपल्या कितीतरी घरांत दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. घरातलं एक माणूस कॉमर्स नीट शिकलेलं असणं ही काय चीज आहे, ते ज्याचा प्रस्ताव एका कागदासाठी परत आलाय त्याला विचारा.

हाताने काम करणाऱ्या पोरांना आपण उगाच कमी लेखतो. आयटीआयला मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एसी दोन वर्षांचे. वास्को, मडगाव, म्हापसा, पेडणे, काणकोण, सगळीकडे आयटीआय आहेत. गोवा शिपयार्ड अप्रेंटिस घेतं. रेफ्रिजरेशन शिकलेला मुलगा आज बर्फाच्या कारखान्यात, उद्या हॉटेलात, परवा शीतगृहात काम करू शकतो. खाण बंद पडली तरी फ्रीज बंद पडत नाही. स्कोप बघायचाच असेल तर असा बघा, एका धंद्यावर न टांगलेला.

सरकारी नोकरीचं एक राहिलं. "अमुक विषय घे, सरकारी नोकरी मिळते" हे आपल्याकडे सर्रास सांगतात. जाहिराती नीट वाचा. एलडीसीसाठी बारावी आणि संगणक मागतात. वरच्या बऱ्याच जागांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, असं लिहिलेलं असतं. निवड परीक्षेवर होते. म्हणजे ज्या नोकरीसाठी आपण मुलाला न आवडणाऱ्या विषयात ढकलतो, त्या नोकरीला तो विषय कित्येकदा लागतच नाही. लागते ती पदवी, बरे मार्क आणि परीक्षेची तयारी. न आवडणाऱ्या विषयात एटीकेटी घेत पाच वर्षांत पदवी काढणारा इथेही मागेच पडणार.

आमच्या वाड्यावर एका मुलीला मराठीत बीए करायचं होतं. वाचनालयातली पुस्तकं संपवलेली पोर. घरी वाद झाला. काका म्हणाले, "मराठी घेऊन काय करतलंस गो?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचं उत्तरही नीट शोधलं. आपल्याकडे मराठी प्राथमिक शाळा आहेत, मराठी दैनिकं आहेत, विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. पण नुसत्या बीएवर शिक्षक होत नाही, वर बीएड किंवा डीएलएड आणि टीईटी लागते. हा वेळ आणि पैसा आधीच धरायला हवा. आणि पेपरात सुरुवातीचा पगार काय असतो, हे तिथल्याच माणसाला विचारून घ्यावं. तिने हे सगळं कागदावर लिहून आईला दाखवलं. आता गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना आली आहे, त्यात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येतं. मुख्य विषय मराठी आणि जोडीला दुसरा उपयोगी पडणारा, असं तिने केलं. काकांचं समाधान झालं की नाही माहीत नाही. ते अजून तोच प्रश्न विचारतात. पोर मात्र पहिल्या वर्षाला वर्गात पहिली आली.

सगळ्यांचंच असं जुळेल असं मी म्हणत नाही. कुठल्या कॉलेजात कुठली जोडी मिळते ते प्रवेशाआधी तिथेच विचारावं लागतं. मैत्रिणीला मिळाली म्हणजे आपल्याला मिळेल असं नसतं.

आता जहाजाबद्दल थोडं कडक लिहितो, कारण इथे आपल्या लोकांचे पैसे बुडतात. दहावीवर जीपी रेटिंग हा सहा महिन्यांचा कोर्स असतो, आणि चांगल्या संस्थेतून केला तर त्यातून खरंच घरं उभी राहिली आहेत. पण "कोर्स, सीडीसी, नोकरी, सगळं आम्ही बघतो, एवढे लाख द्या" म्हणणारे एजंट जेटीपर्यंत येतात. पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. संस्थेचं नाव डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः बघा. नोकरी देणाऱ्याचा आरपीएसएल परवाना क्रमांक मागा आणि तोही तिथेच तपासा. आणि सगळ्यात आधी पोराचे डोळे तपासून घ्या. डेकच्या कामाला नजर चांगली लागते, रंगआंधळेपण चालतच नाही. बोटीवर वाढलेल्या मुलाला आपण रंगआंधळे आहोत हे कधी कळलेलंच नसतं. मेडिकलला कळतं, तोवर फी गेलेली असते.

आणि ज्याला मासेमारीच करायची आहे तो? हा मुलगा आपल्या सगळ्या चर्चेतून गायब असतो. "शिकला नाहीस तर बोटीवर जाशील" अशी धमकी आपणच घरात देतो. मग आपल्या ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचे खलाशी चढतात आणि आपण म्हणतो, आपली पोरं येत नाहीत. ज्याला समुद्राची ओढ आहे, त्याच्यासाठीही शिक्षण आहे. कोचीला केंद्र सरकारची सिफनेट ही संस्था १९६३ पासून आहे, चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही तिची केंद्रं आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचे दोन कोर्स, एक व्हेसल नेव्हिगेटर आणि दुसरा मरीन फिटर. त्यांना दहावीत गणित आणि विज्ञानात प्रत्येकी ४० टक्के लागतात. म्हणजे इथेही गणित आलंच. बारावीनंतर नॉटिकल सायन्समधली चार वर्षांची बीएफएस्सी आहे. ह्या शिक्षणानंतर समुद्रावरचा अनुभव आणि परीक्षा देऊन मासेमारी जहाजाचा मेट, स्किपर, इंजिनिअर अशी प्रमाणपत्रं मिळवता येतात. वयाची मर्यादा असते, म्हणून "एक वर्ष थांबून बघू" करण्याआधी त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचा.

समुद्राची ओढ म्हणजे बोटच असं नाही, हेही पोरांना दाखवायला हवं. मोबाइलवर येणारा मासळी कुठे मिळेल त्याचा संदेश हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतून निघतो. उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून तो बनतो. तो बनवणारी माणसं फिजिक्स, गणित, संगणक, समुद्रशास्त्र शिकलेली. दोना पावलाला एनआयओ आहे, १९६६ साली स्थापन झालेली. वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखल्या जातात. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात सागरविज्ञान शिकवतात. आपल्या होड्या ह्या इमारतींसमोरून जातात. एखाद्या मुलाने "पाण्याला रात्री चमक का येते" असं विचारलं, तर "गप जाळं ओढ" म्हणू नका. त्या प्रश्नावरच एक अख्खा विषय उभा आहे.

शेवटी कागदांचं, कारण घाई इथेच होते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जिथे लागू असेल तिथे ओबीसी दाखला आणि नॉन-क्रिमी लेअर, हे बंदी लागल्या आठवड्यातच अर्ज करून ठेवा. मामलेदार कचेरीत जुलैत रांग असते. पोराच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघा, शिष्यवृत्ती त्यातच येते. उच्च शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, सावकाराकडे किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडे उचल मागायच्या आधी तिथे चौकशी करा. व्यापाऱ्याची उचल घेतली की पुढच्या हंगामात मासळी त्याच्याच दराने द्यावी लागते, आणि ती फी मग किती महाग पडते ते आपल्याला ठाऊक आहे.

बंदीच्या दिवसांत संध्याकाळी आपल्या ऑफिसात कोणी ना कोणी असतंच. फॉर्म भरता येत नसेल, माहितीपत्रकातलं इंग्रजी कळत नसेल, तर गुणपत्रिका आणि पोराला घेऊन या. फक्त बापाने एकट्याने येऊ नये, पोर बरोबर हवं.